‘टॅप’ कितीला जातो?

“शेवटी टाके घातले की दोन्ही बाजूंनी टॅप ब्लॉक देऊ,” असं भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या चाळीतला नळ आला. लालबागला आमच्या मजल्यावर पहाटे पावणेपाचला पाणी येतं, सव्वासहाला जातं. सगळं आयुष्य त्या दीड तासाभोवती फिरतं. मी विचारलं, “म्हणजे नळ बंद करणार?” बाई हसल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. “तसंच समजा ताई. दुखण्याचा नळ काही तासांसाठी बंद.”

“कितीला परत येतो?” हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. पाणी कितीला येतं आणि कितीला जातं, हे नवीन खोली घेतानाही आम्ही आधी विचारतो. इथे मात्र विसरले.

माझं ऑपरेशन गर्भपिशवी काढण्याचं. वय ४८, धंदा ब्लाउज शिवण्याचा, घरातच दोन मशीन. गाठींमुळे पिशवी सोळा आठवड्यांच्या पोटाएवढी झाली होती, पाळीत दहा-दहा दिवस जायचे आणि हिमोग्लोबिन ७.९ वर आलं होतं. लोहाच्या दोन सलाईन लावून ते दहाच्या वर नेलं, मग तारीख मिळाली. अक्षय्य तृतीयेनंतरची, म्हणजे ऐन लग्नसराईतली. नवऱ्यामुलींच्या ब्लाउजांची गाठोडी शेजारच्या मुलीकडे सोपवताना जेवढं रडू आलं तेवढं पिशवीसाठी आलं नाही, हे खरं सांगते.

दुर्बिणीने होणार नाही, पोट उघडावं लागेल, असं ठरलं. खाली आडवा छेद. आता माझी अडचण अशी की दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या मला चालत नाहीत. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यातलं काहीही घेतलं की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतो. पॅरासिटामॉल चालते. म्हणून तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर बराच वेळ घालवला. बाहेर रांग होती, तरी.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. पोटाच्या भिंतीला बाजूने स्नायूंचे तीन थर असतात, एकावर एक. पोटाच्या कातडीला आणि स्नायूंना जाणिवा पुरवणाऱ्या नसा मधल्या आणि सगळ्यात आतल्या थराच्या मधून पुढे येतात. त्या फटीत बधिर करणारं औषध भरलं की छेदाची दुखरी खबर मेंदूकडे जात नाही. ‘टॅप’ हे त्या फटीच्याच लांबलचक इंग्रजी नावाचं लघुरूप. ही युक्ती कागदावर आली २००१ साली. तेव्हा कमरेच्या बाजूच्या एका खोलगट जागेवर बोटाने चाचपून, सुईचा ‘टक्’ असा झटका जाणवला की औषध सोडायचे. २००७ च्या सुमारास सोनोग्राफीत बघून सुई घालायला लागले, आणि मग ती सगळीकडे पसरली.

“पण एक ध्यानात ठेवा,” त्या म्हणाल्या, “हा ब्लॉक भिंतीचा आहे, आतल्या खोलीचा नाही. पिशवी काढली त्या जागेची जी कळ असते, पाळीसारखी, ती याने जाणार नाही. तिला दुसरं औषध लागतं.” हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं.

ब्लॉक किती टिकतो, यावर त्यांनी आकडा दिला तो असा: साध्या औषधाने सहा-आठ तास, कुणाला बारा, कधी त्याहून जास्त. आणि ऑपरेशननंतरची खरी वाईट रात्र तर पहिली. सकाळी ऑपरेशन झालं तर ब्लॉक नेमका रात्री उतरणार, जेव्हा वॉर्डात एक सिस्टर आणि वीस पेशंट. म्हणून तो लांबवायचा. लांबवायचे मार्ग किती आहेत ते ऐकून मला वाटलं, ब्लाउजला गळे तरी एवढे नसतील. अ‍ॅड्रिनलिनचा थेंब घालतात, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथून हळू वाहून जातं. पण फायदा थोडाच. डेक्समेडेटोमिडीन नावाचं औषध घालतात, त्याने ब्लॉक चांगला लांबतो, पण गुंगी येते, नाडी मंदावते, बीपी खाली येतं; माझं मुळातच बीपी १०० च्या आसपास आणि रक्त कमी, म्हणून ते नको. दोन्ही बाजूंना बारीक नळ्या ठेवून दोन-तीन दिवस औषध सोडत राहायचं असंही करतात. नळी सरकते, गळते, जंतूंची काळजी घ्यावी लागते, आणि अंगात आधीच सलाईनची एक, लघवीची एक अशा नळ्या असताना आणखी दोन. अमेरिकेत २०११ पासून बधिर करणारं औषध चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत भरून मिळतं, ते हळूहळू झिरपतं. ते फार महाग.

राहिलं डेक्सामेथासोन. स्टेरॉइड. माझी तीन महिन्यांची साखर ६.९ होती, त्यामुळे त्यांनी पेन टेकवून जरा विचार केला. “साखर एक-दोन दिवस चढेल. आपण कमी डोस घेऊ, दोन्ही बाजू मिळून ४ मिलिग्रॅम, आणि साखर मोजत राहू. अजून एक, हे औषध ब्लॉकमध्ये मिसळायचं म्हणून बाटलीवर छापलेलं नसतं. आम्ही अनुभवाने आणि अभ्यासांवरून वापरतो. तुम्हाला चालेल का?” कोणीतरी आपल्याला हे सांगतं, हेच मला नवीन होतं. सही केली.

पाठीत मॉर्फिन देण्याचीही गोष्ट निघाली होती. त्याने रात्र चांगली जाते म्हणे, पण खाज सुटते, उलट्या होतात आणि श्वासावर रात्रभर लक्ष ठेवावं लागतं. त्या वॉर्डात तेवढं मनुष्यबळ नाही, हे बाईंनी तोंडाने म्हटलं नाही; मला कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी पावणेदहाला उशी पोटाशी धरून, मांजरासारखी पाठ काढून बसले. कमरेत इंजेक्शन. पाय आधी गरम झाले, मग माझे राहिले नाहीत. स्पिरिटचा बोळा पोटावरून वर फिरवत “थंड लागतंय?” असं विचारत गेल्या, छातीशी आल्यावर एकदम गार लागलं. मधलं सगळं सांगण्यासारखं नाही. पडदा होता, एसी होता, कोणीतरी क्रिकेटबद्दल बोलत होतं.

बारा वाजता टाके झाले आणि पडदा काढला. सोनोग्राफीचं मशीन माझ्या उजव्या खांद्यापाशी ढकललं, आणि त्या मशीनचा पडदा माझ्या बाजूला वळलेला होता. मी म्हटलं, “मी बघू का?” बाई म्हणाल्या, “बघा की.”

ते मी आयुष्यात विसरणार नाही. पडद्यावर माझ्या पोटाची बाजू करड्या-पांढऱ्या पट्ट्यांत दिसत होती. वर चरबीचा जाड पट्टा (तो बघून लाज वाटली), त्याखाली तीन थर, मध्ये पांढऱ्या चकचकीत रेषा. मला ते दिसलं तसं सांगते: वर कापड, मध्ये कॅनव्हास, खाली अस्तर. बाजूने सुई आली, पांढऱ्या दोऱ्यासारखी तिरपी. कॅनव्हास आणि अस्तराच्या मध्ये टोक गेलं. बाईंनी मदतनीस मुलाला “एक एमएल” म्हटलं, त्याने पिचकारी किंचित दाबली, आणि तिथे काळा ठिपका उमटला. सुई केसभर सरकवली. “पुढे द्या.” आणि मग ती फट उघडली. काळी, लांबट, आंब्याच्या कोयीसारखी. वरचा थर वर, खालचा खाली. अस्तर लावताना आत हवा राहिली की कापड जसं फुगतं तसं. फक्त इथे ते फुगणं हेच काम होतं.

एका बाजूला वीस, दुसऱ्या बाजूला वीस एमएल. पाव टक्क्याचं ब्युपिवॅकेन, म्हणजे सगळं मिळून १०० मिलिग्रॅम. माझं वजन ५८ किलो, त्या हिशेबात बसतं असं त्यांनी मुलाला मोठ्याने म्हणून दाखवलं. हे औषध रक्तात जास्त गेलं तर फिट येते, हृदय बिघडतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघत होत्या. मला सांगून ठेवलं होतं, कानात गुणगुण, जीभ बधिर, तोंडात लोखंडाची चव आली तर लगेच बोला. तसं काही झालंच तर म्हणून ट्रॉलीवर दुधासारखी पांढरी बाटली तयार होती. मला दोन मिनिटं कानात गुणगुण आल्यासारखी वाटली. एसी होता.

ब्लॉक संपला १२ वाजून १० मिनिटांनी. ही वेळ मी मुद्दाम विचारून घेतली आणि वन्संना मापाच्या वहीत लिहायला सांगितली. हो, वही बरोबर नेली होती, मागच्या पानांवर कुणाची कंबर, कुणाची छाती, आणि पुढच्या पानावर माझं पोट.

दोन-अडीचला पायांची बोटं हलली. चारला पाय माझे झाले. पण पोट? पोट तिथे नव्हतं. आत खोलवर पाळीसारखी कळ होती, दहापैकी तीन म्हणू, तिला सहा वाजताची पॅरासिटामॉलची बाटली पुरली. छेदाच्या जागी काहीच नाही. संध्याकाळी मला उठवून पलंगाच्या कडेला बसवलं, आणि तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं खेळणं हातात दिलं. श्वास ओढायचा, चेंडू वर. माझे दोन चेंडू वर जाऊन टिकले, तिसरा नुसता हलला. शेजारच्या पलंगावर पालघरच्या एक काकू होत्या, त्यांचंही पोटाचंच ऑपरेशन, ब्लॉक दिलेला नव्हता. त्यांचा एकही वर जात नव्हता. श्वास ओढला की “आई गं”. मला अपराधी वाटलं, आणि मी चेंडू उशीखाली ठेवला.

रात्री नऊला वन्संनी स्टीलच्या फुलपात्रात गार पाणी दिलं. ते मी सहज पोटावर ठेवलं. बेंबीच्या वर चार बोटांवर गार. खाली सरकवलं तर फक्त जड, गार नाही. ती सीमा मी दोन-तीनदा तपासली. खडूने रेघ मारता आली असती. नळ बंद होता.

आता चूक. रात्री बाराची सलाईन घेऊन सिस्टर आली. चार्टवर दर सहा तासांनी पॅरासिटामॉल असं लिहिलेलं होतं. तिने विचारलं, “दुखतंय का?” मी म्हटलं, “अजिबात नाही.” “मग कशाला? झोपा शांत.” आणि बाटली परत नेली. तिचा एकटीचा दोष नाही. मी पण खूश झाले, सुईवाल्या हाताला हात लावला नाही म्हणून. वन्सं खुर्चीवर घोरत होत्या. त्या जाग्या असत्या तर भांडल्या असत्या.

चार वाजून चाळीस मिनिटांनी जाग आली. सवयीने वाटलं, पाणी यायची वेळ. मग कळलं काय आलंय ते. आधी डावीकडे, टाक्यांच्या टोकाला, तापलेल्या इस्त्रीचं टोक टेकवावं तसं. मग ते टोक रेघेवरून उजवीकडे सरकत गेलं. वीस मिनिटांपूर्वी शून्य, पाच वाजता आठ. हळूहळू वाढलं असतं तर मीही हळूहळू तयार झाले असते. बेल दाबली. साडेसोळा तास जी जागा नव्हतीच ती एकदम सगळी आली, तीही अंगात दुसरं काहीच औषध नसताना. पॅरासिटामॉल चढवली, ती लागू व्हायला अर्धा तास. तोवर धीर सुटला म्हणून साडेपाचला ट्रॅमाडॉल. त्याने डोकं गरगरलं आणि सहा-सव्वासहाला उलटी. ताजे टाके आणि उलटी. याच्यावर मी काही लिहीत नाही.

चेंडू वन्संनी उगाच हातात दिला. एक, तोही थरथरत.

साडेसातला डॉक्टरीणबाई आल्या, स्वतःहून. बघायला येईन म्हणाल्या होत्या. चार्ट उलटला. बाराच्या चौकटीत सही नव्हती. सिस्टरला बाजूला नेऊन बोलल्या, आवाज चढवला नाही. माझ्याकडे आल्यावर मी रडत रडतच विचारलं, “तुम्ही तर लांबवला होतात ना?” त्या म्हणाल्या, “लांबवला होता, म्हणून पहाट गाठली. पण ब्लॉक कधी ना कधी उतरणारच. तो उतरायच्या आधी पोटात दुसरं औषध असायला हवं. दुखत नाही म्हणून डोस चुकवायचा नसतो.”

वन्सं खुर्चीतून म्हणाल्या, “म्हणजे पाणी जायच्या आधी पिंप भरायचं.”

“बरोबर तेच,” बाई म्हणाल्या. आणि मग मला म्हणाल्या, “हे वाक्य मी आता सगळ्यांना सांगणार आहे.” वन्संचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत, ट्रॅमाडॉल पोटात ठरत नाही. म्हणून त्यांनी पुन्हा ब्लॉक द्यायचं ठरवलं, पलंगावरच. पहिल्या औषधाला अठरा-वीस तास होत आले होते, त्यामुळे मात्रेचा प्रश्न नव्हता. या वेळी पडदा दिसत नव्हता, दिसला असता तरी बघितला नसता. गार जेली, मग दुखऱ्या पोटावर ते सोनोग्राफीचं मूठभर यंत्र दाबलं, तोच सगळ्यात वाईट भाग. सुई त्यामानाने काही नाही. आत कुठेतरी दोनदा टक् झालं आणि जड दाब पसरत गेला. सव्वाआठला संपलं. पावणेनऊला मी चहा मागितला.

या वेळी डेक्सामेथासोन नव्हतं. सकाळची साखर २४१ आली होती, आमच्या घरात कुणी बघितली नसेल एवढी. इन्सुलिनची छोटी सुई दोनदा घ्यावी लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती खाली आली. फुकट काहीच मिळत नाही. मला सोळा तास मिळाले आणि साखरेने वसूल केले.

नुसत्या औषधाचा हा दुसरा ब्लॉक संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास उतरला. वहीत दोन ओळी एकाखाली एक आहेत: साडेसोळा तास, सव्वादहा तास. त्यावरून मी कुणाला काही पटवू शकत नाही. पहिल्या वेळी सुरुवातीचे दोन-चार तास कमरेतल्या इंजेक्शनचे होते, दुसऱ्या दिवशी मी उठून संडासापर्यंत चालत होते, माणूस एकच. पण मला स्वतःला फरक कळला. आणि त्याहून मोठा फरक हा, की दुसऱ्यांदा उतरला तेव्हा मी भरलेली होते. अकराला पॅरासिटामॉल, पाचला पुन्हा, दुखत नसताना, मोबाईलला गजर लावून. सिस्टर बदललेली होती, नवीनने “दुखतंय का?” विचारलं तेव्हा वन्संच म्हणाल्या, “दुखत नाही, म्हणूनच द्या.” त्या रात्री दुखणं आलं ते चारवर आलं आणि चारवरच राहिलं. कुशीवर वळताना पाच. झोपले. सकाळी दोन चेंडू.

पालघरच्या काकूंनी मला विचारलं, तुम्हाला ते पोटातलं इंजेक्शन कुणी दिलं? मी सांगितलं. त्यांनी त्यांच्या मुलाला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचाही एक चेंडू वर गेला. ब्लॉकने की दिवस उलटल्याने, ते माहीत असायचं कारण नाही, त्या खूश होत्या.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. टॅक्सी आंबेडकर रोडवरून आत वळली आणि मला आठवलं, मे महिना आहे. लालबागला मे महिन्यात काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको. मसाले कुटायचे डंक चालू होते. मिरची, धणे, दगडफूल, सगळं हवेत. ह्यांनी काच वर करेपर्यंत नाकात गेलं होतं.

ऑपरेशनच्या आधी त्या तपासणीत बाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटाशी घट्ट धरायची. उशी डिकीत होती. मी वन्संची पर्स ओढली, दोन्ही हातांनी पोटावर दाबली आणि शिंकले. पर्समध्ये स्टीलचा डबा होता.

“किती?” वन्संनी विचारलं. त्यांना आता आकड्यांची सवय झाली होती.

“सहा,” मी म्हटलं, “पण त्यातले दोन डब्याचे.”